हा मृदंग मढवला कुणी?

पुसेगाव म्हटले की बहुतेक वाचकांच्या डोळ्यांपुढे सातारा जिल्ह्यातले, सेवागिरी महाराजांच्या रथाचे पुसेगाव उभे राहते. आज बोलायचे आहे ते दुसऱ्या पुसेगावाविषयी. हे पुसेगाव मराठवाड्यातले, हिंगोली जिल्ह्याच्या सेनगाव तालुक्यातले. १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा झाला. त्याआधी हा सारा मुलूख परभणीत मोडत असे. मुंबई-पुण्याच्या वर्तमानपत्रांत या गावाचे नाव क्वचितच येते. पण एक साधा प्रश्न विचारायला अशीच जागा बरी. मोठ्या शहरात प्रश्न विचारला की उत्तरे फार येतात आणि मूळ प्रश्न बाजूला राहतो.

प्रश्न असा. या भागात गावोगावी हरिनाम सप्ताह बसतो. मांडव पडतो, वीणा उभी राहते, पहाटे काकडा आणि रात्री कीर्तन होते. त्याची पत्रिका छापली जाते. ही पत्रिका एकदा सवडीने वाचून पाहावी. तिच्यात सात दिवसांच्या सात कीर्तनकारांची नावे असतात. गायनाचार्य असतात, मृदंगाचार्य असतात, विणेकरी, चोपदार, टाळकरी मंडळी असतात. अन्नदाते असतात. मंडपवाला, आचारी आणि ध्वनिक्षेपकवालाही असतो. गाव कुणाला विसरत नाही. फक्त एक नाव त्या पत्रिकेत कधी नसते. ज्या मृदंगावर सात रात्री थाप पडणार, तो मृदंग ज्याने मढवला त्याचे नाव.

गावात कुणाला विचारावे, तर उत्तरे अशी येतात : हिंगोलीहून आणला, नांदेडहून आणला, वारीत पंढरपुराहून घेतला. म्हणजे गावाचे नाव कळते, फार तर दुकानाचे कळते. माणसाचे कळत नाही. आणि यात कुणाला काही चुकल्यासारखेही वाटत नाही. विहिरीचे पाणी पिताना विहीर खणणाऱ्याचे नाव कोण विचारतो, तसेच हे.

वाद्यांवाचून आपले पान हलत नाही, हे आपल्या भाषेवरूनच दिसते. एकच गोष्ट लावून धरणारा माणूस आपले तुणतुणे वाजवत असतो. स्वतःची स्तुती करणारा टिमकी वाजवतो. गरिबाचे गाऱ्हाणे नगारखान्यातल्या टिमकीसारखे विरून जाते. जमले तर जमले अशा कामाला आपण गाजराची पुंगी म्हणतो. घरात ज्याला कधी कुठल्या वाद्याला हात लावायची वेळ आली नाही, त्याच्याही बोलण्यात वाद्ये वाजतच असतात. पण या सगळ्या म्हणींत वाद्य आहे, वाजवणारा आहे, घडवणारा नाही. भाषेने जे सोडले ते पुढे अभ्यासकांनीही सोडले, असे म्हणावे लागते.

वाद्यांचा अभ्यास आपल्याकडे नवा नाही. भरताच्या नाट्यशास्त्रात वाद्यांचे चार वर्ग सांगितले आहेत : तारेचे ते तत, कातड्याने मढवलेले ते अवनद्ध, टाळ-झांजेसारखे ते घन आणि फुंकून वाजवायचे ते सुषिर. एकोणिसाव्या शतकात कलकत्त्याचे राजा सौरींद्रमोहन टागोर यांनी भारतीय वाद्यांचा मोठा नजराणा बेल्जियमच्या राजाला पाठवला. ब्रसेल्सच्या वाद्यसंग्रहालयाचे व्हिक्टर महियाँ यांनी १८८० साली आपल्या संग्रहाची सूची काढली, तेव्हा त्यांनीही वाद्यांचे चारच वर्ग केले. भरताच्या वर्गवारीशी असलेले त्यांचे नाते पुढच्या अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. त्याच पायावर १९१४ साली हॉर्नबॉस्टेल आणि झाक्स या दोघा विद्वानांनी जी पद्धत बांधली, ती आजही जगभरच्या संग्रहालयांत चालते. आपल्या दख्खनच्या वाद्यांवर कॅप्टन डे नावाच्या एका इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने १८९१ साली सचित्र ग्रंथ काढला. पुण्यात दिनकर केळकरांनी एकहाती जमवलेल्या संग्रहात वाद्येही आहेत, आणि १९७५ साली त्यांनी तो सारा संग्रह शासनाच्या हवाली केला.

हे काम मोठे आहे. त्याला नावे ठेवण्याचा हेतू नाही. पण संग्रहालयात काचेमागे ठेवलेल्या वाद्यासमोर उभे राहून खालची चिठ्ठी वाचावी. तिच्यावर वाद्याचे नाव असते, प्रदेश असतो, काळ असतो. चित्राखाली चित्रकाराचे नाव नसेल तर आपल्याला चुकल्यासारखे वाटते. वाद्याखाली कारागिराचे नाव नसेल तर वाटत नाही. जणू भोपळा वेलीवर लागावा तसा तंबोरा कुठल्या तरी वेलीवर लागत असावा.

प्रत्यक्षात एक मृदंग घडतो कसा, हे पाहिले म्हणजे आपल्या विसरभोळेपणाची लाज वाटू लागते. शिसवासारख्या टणक लाकडाचे खोड आतून पोखरायचे. दोन्ही तोंडांना बकऱ्याच्या कातड्याच्या पुड्या बसवायच्या, त्या चामड्याच्या वादीने ताणून धरायच्या आणि वादीखाली लाकडी गठ्ठे घालून सूर वर-खाली करण्याची सोय ठेवायची. डाव्या तोंडाला वाजवण्याच्या वेळी ओली कणीक लावतात. उजव्या तोंडाच्या मध्यावर असते ती काळी शाई, आणि खरी कसोटी तिथेच आहे. लोखंडाची बारीक पूड आणि शिजवलेल्या भाताची खळ यांचा हा लेप एकदम थापून चालत नाही. पातळ थर द्यायचा, दगडाने घोटायचा, वाळू द्यायचा, पुन्हा वर थोडा लहान थर द्यायचा. घोटता घोटता शाईला केसासारख्या बारीक भेगा पडतात. नवख्याला वाटेल काम बिघडले. पण त्या भेगांमुळेच शाई कातड्याबरोबर लवते. त्या नसतील तर मृदंग बोलणार नाही.

या शाईचे रहस्य काय, हे विज्ञानाने बरेच उशिरा विचारले. साध्या ढोलाच्या कातड्यावर टिपरू मारले की जे निरनिराळे कंप उठतात, त्यांचे एकमेकांशी सुरेल प्रमाण नसते. म्हणून त्यातून धडधड निघते, स्वर निघत नाही. मृदंग-तबल्यातून मात्र स्वर निघतो. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२० साली ‘नेचर’ या नियतकालिकात आपल्या सहकाऱ्यासह टिपण लिहून दाखवून दिले, की मध्यावरच्या या भारामुळे कातड्याचे कंप तारेच्या कंपांसारखे पूर्णांकांच्या प्रमाणात बसतात. १९३०च्या दशकात त्यांनी हा विषय पुन्हा विस्ताराने मांडला. नोबेल मिळवणाऱ्या शास्त्रज्ञाला ज्याचे नवल वाटले, ते गणित मढवणाऱ्याच्या अंगठ्यात आणि कानात शतकानुशतके होते. त्याने ते कागदावर मांडले नाही इतकेच. शाई घोटताना थांबायचे कुठे, हे तो थाप मारून ऐकून ठरवतो. ही विद्या नव्हे तर काय?

आणि एक वाद्य म्हणजे एक माणूस असेही नाही. गोंधळ्याचा संबळ घ्या. मराठवाडा हा गोंधळाचा मुलूख. एका बाजूला माहूरची रेणुका, दुसऱ्या बाजूला तुळजापूरची भवानी. गोंधळ्यांचे रेणुराई आणि कदमराई असे दोन भेद याच दोन ठाण्यांवरून पडले. परभणीच्या राजारामभाऊ कदमांचे नाव तर गोंधळाशी कायमचे जोडले गेले आहे. या गोंधळाचा जीव असतो संबळात. जोडीने बांधलेली एक लहान आणि एक मोठी अशी दोन भांडी, त्यांवर ताणलेली कातडी आणि दोन काठ्या, त्यांतली एक टोकाला वाकवलेली. आता हिशेब करा. भांडे घडवणारा एक, कातडे कमावणारा दुसरा, ते मढवणारा तिसरा, दोर वळणारा चौथा आणि कमरेला बांधून देवीपुढे उभा राहणारा पाचवा. शेजारचे तुणतुणे तर आणखी साधे : एक पोकळ लाकडी नळकांडे, तळाला कातडे, त्यातून वर खुंटीकडे गेलेली एक तार. पण त्या एका तारेमागेही सुतार आहे, चर्मकार आहे. त्रिंबक नारायण आत्र्यांनी १९१५ साली ‘गावगाडा’ लिहून बलुतेदारीचे चित्र उभे केले. एका संबळात त्या गावगाड्याची निम्मी चाके सापडतील.

गावगाडा म्हटला की गोडवे गाण्याचा मोह होतो. तो आवरायला हवा. कारण वाद्यांच्या या गोष्टीत एक कडू भाग आहे आणि तो गाळला तर उरलेले सगळे खोटे पडेल.

हलगी घ्या. या भागात तिला डफडेही म्हणतात. एक कडे, त्यावर बकरीचे कातडे, खांद्याला अडकवायची दोरी आणि दोन काड्या, एक जाड आणि एक बारीक. वाजवण्याआधी गवत-काडी पेटवून ती शेकायची, म्हणजे कातडे ताणते आणि आवाज खणखणीत होतो. लग्न असो, देवाची पालखी असो, कुस्तीचा आखाडा असो की मयत असो, हलगीवाचून गावाचे काम अडायचे. पण ती वाजवणे हे गावाने जन्मावरून ठरवून टाकले होते. बहुतेक ठिकाणी ते मातंग समाजाकडे, काही ठिकाणी महार समाजाकडे. ज्याच्या हलगीवर वरात नाचायची तो मांडवाबाहेर उभा राहायचा आणि पंगती उठल्यावर जे उरेल ते घ्यायचा. आपल्या मृदंगाला देवळात गाभाऱ्यापर्यंत वाट होती आणि हलगीला वेशीपर्यंत. दोन्हींचे कातडे बकऱ्याचेच. भेद कातड्यात नव्हता, ते मढवणाऱ्या आणि वाजवणाऱ्या माणसांना आपण ठरवून दिलेल्या जागेत होता. दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ साली आले, त्यापाठोपाठ इतर आत्मकथने आली. मराठी वाचकाला हे आता माहीत नाही असे म्हणता येणार नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२७ पासून सांगितले, की लाचारीची गावकामे टाकून द्या. १९५६च्या धर्मांतरानंतर गावोगावी अनेकांनी मेलेली जनावरे ओढणे सोडले, मागून खाणे सोडले आणि त्याबरोबर वाजवणेही सोडले. कलेचे नुकसान झाले म्हणून यावर कुणी हळहळत असेल, तर त्याने आधी त्या मांडवाबाहेर उभे राहून पाहावे. आज हलगी मढवणाऱ्याचा मुलगा पहाटे उठून पोलीस भरतीसाठी धावायला जात असेल, आणि बापाचे काम करणार नाही म्हणत असेल, तर त्याला ‘परंपरा जप’ असे सांगण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला? परंपरा जपण्याचे ओझे नेहमी ज्याच्या पाठीवर आधीच ओझे आहे त्याच्याच डोक्यावर का द्यायचे?

पण गोष्ट इथेही संपत नाही. हलगी गेली नाही; तिने जागा बदलली. जयंतीच्या मिरवणुकीत ती मानाने वाजते. मराठवाड्यातली वर्तमानपत्रे वाचणाऱ्यांना ‘हलगीनाद आंदोलन’ हा शब्द नवा नाही. पीकविमा मिळाला नाही, घरकुलाचा हप्ता अडला, रस्ता झाला नाही, की लोक कार्यालयापुढे हलगी घेऊन बसतात. एके काळी जी गावकामाची खूण होती, ती आज हक्काची आरोळी झाली आहे. कुठल्याही सूचीत हलगीची नोंद ‘अवनद्ध, एकमुखी’ अशी होईल. ती बरोबरच आहे. पण हलगी म्हणजे काय हे त्या दोन शब्दांत कसे मावणार? वाद्याचा अभ्यास त्याच्या समाजात जाऊन करायचा तो यासाठी.

कारागिराला नाव मिळाले तर काय घडते, याचे उदाहरण आपल्याच राज्यात आहे. मिरजेचे शिकलगार हे मूळचे हत्यारांना धार लावणारे, शस्त्रे घडवणारे. एकोणिसाव्या शतकात तलवारीचे दिवस मावळले आणि पोटाचा प्रश्न उभा राहिला. मिरजेत पटवर्धन संस्थानिकांचा गाण्याला आश्रय होता. फरीदसाहेब नावाच्या शिकलगाराने तंतुवाद्यांची दुरुस्ती करता करता ती घडवायला घेतली आणि त्यांच्या घराण्याला सतारमेकर हेच आडनाव पडले. भोपळे पंढरपूरच्या बाजूने भीमाकाठचे येतात, लाकूड तुणीचे, आणि घोडीवरून तार सरकताना जो झंकार उठतो ती जवारी काढण्याचे काम कानसाने नव्हे, कानाने करायचे असते. अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले आणि मिरजेच्या तंबोऱ्याचा लौकिक आणखी वाढला. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. धंद्याच्या अडचणी मिरजेतही आहेत, आणि सुराचे काम खिशातल्या यंत्रावर भागवणारे गायकही वाढले आहेत. तरीही पावणेदोनशे वर्षांच्या आसपास ही कला टिकली. लोक तिथे दुकानात नव्हे, अमक्याच्या घरी तंबोरा करायला टाकतात. हत्यारांना धार लावणारा हात सतारीकडे वळला, कारण वळल्यावर त्याला दाम मिळाला आणि नावही मिळाले.

दुसरे उदाहरण अलीकडचे. १५ डिसेंबर २०२४ रोजी उस्ताद झाकीर हुसेन गेले. त्यानंतरच्या बातम्यांत एक नाव अनेकांनी पहिल्यांदाच वाचले असेल : हरिदास व्हटकर. मुंबईत बसून झाकीरभाईंचे तबले घडवणारे हे कारागीर मूळचे मिरजेकडचे. साऱ्या जगाने ज्या तबल्यावर टाळ्या वाजवल्या, त्या तबल्याच्या पुड्यांमागचा माणूस आपल्याला कळायला तबलजीचे निधन व्हावे लागले. मग ज्यांचा वादक कधी गावाबाहेर गेला नाही, त्यांची नावे कोण सांगणार?

वाद्यांच्या देशोदेशीच्या अभ्यासकांनाही हा धडा उशिराच मिळाला. पॉल बर्लिनर हे अमेरिकी अभ्यासक झिंबाब्वेतल्या शोना लोकांचे म्बिरा हे वाद्य शिकायला गेले. लाकडी फळीवर बसवलेल्या लोखंडी पट्ट्या अंगठ्यांनी वाजवायच्या, असे ते वाद्य. पट्ट्यांना नावे आहेत काय, हा त्यांचा साधा प्रश्न. एका वृद्ध जाणकाराने ती नावे त्यांना लगेच सांगितली नाहीत. हा माणूस पुन्हा येतो की नाही, मिळालेले नीट सांभाळतो की नाही, हे त्याने काही वर्षे पारखले आणि मग सांगितले. बर्लिनर यांचा ग्रंथ १९७८ साली आला. ज्ञान हे जाणकाराच्या मालकीचे असते, ते मागायचे तर आधी विश्वास कमवावा लागतो, ही गोष्ट आपल्या गुरुगृहांना नवी नव्हती. पण कारागिराच्या दारात जाताना मात्र आपण ती विसरतो. हातात कॅमेरा धरून पाच मिनिटांत ‘काका, जरा वाजवून दाखवा’ म्हणतो आणि निघून येतो.

कसे करावे याचा उत्तम नमुना महाराष्ट्रातच आहे. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ यांनी आपल्या सहकाऱ्यांसह खेडोपाडी हिंडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या कामाचे मोल केवळ आकड्यात नाही. कोणती ओवी कोणत्या गावच्या कोणत्या बाईने गायिली, याची नोंद त्यांनी ठेवली. ‘लोकगीतांचा कर्ता अज्ञात असतो’ असे शाळेत शिकवले जाते. इथे पहाटे दळणारी एकेक बाई आपल्या नावानिशी उभी राहिली. ओवीच्या बाबतीत जे झाले ते हलगी, संबळ आणि मृदंगाच्या बाबतीत का होऊ नये?

सरकारी दप्तरात या हातांची जागा कुठे आहे, हेही पाहू. केंद्र सरकारने २०२३ साली पारंपरिक कारागिरांसाठी विश्वकर्मा योजना सुरू केली, तेव्हा तिच्यात १८ व्यवसाय धरले गेले. सुतार आहे, लोहार आहे, कुंभार आहे, चर्मकार, न्हावी, शिंपी, हार करणारा, जाळे विणणारा, अगदी बाहुल्या-खेळणी करणारासुद्धा आहे. वाद्ये घडवणारा त्या १८ जणांत नाही. कुणी मुद्दाम वगळला असे नव्हे. यादी करताना तो आठवलाच नसावा. आणि न आठवणे हेच तर दुखणे आहे. आपल्या शेजारच्या वाशीम जिल्ह्यात पोहरादेवीला बंजारा समाजाचे मोठे संग्रहालय २०२४ साली खुले झाले. त्या इमारतीला आकारच नंगाऱ्याचा दिलेला आहे. एखाद्या समाजाने आपल्या वाद्याला एवढा मान द्यावा, ही आनंदाचीच गोष्ट. असाच मान तांड्यावर नंगारा मढवणाऱ्या हातांनाही मिळाला, तर तो मान पुरा होईल.

हे सारे सरकारवर ढकलून मोकळे होण्यासारखे मात्र नाही. पुसेगावसारख्या गावात नोंदीचे काम करायला मोठा निधी लागत नाही. शाळा आहे, जवळपास महाविद्यालये आहेत, त्यांची शिबिरे खेड्यात होतातच. नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ या जिल्ह्याचे विद्यापीठ आहे. रस्ते झाडण्याबरोबर एका शिबिराने गावातल्या वाद्यांची यादी केली तर? आठवी-नववीतली मुले वही घेऊन निघाली तर? विचारायचे प्रश्न साधे आहेत. हे वाद्य कुणी घडवले? लाकूड कोणते, कातडे कशाचे, ते आणले कुठून? शिकवले कुणी? घरातल्या बायांचा या कामात हात कोणता? शेवटचे कधी विकले आणि हातात किती पैसे पडले? या कामातले तुमचे खास शब्द कोणते? हे वाद्य कुठे वाजवू देत नसत? मुलाने हे करावे असे वाटते का, आणि वाटत नसेल तर का? यांतला शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. त्याचे उत्तर आपल्याला आवडणारे नसले तरी जसेच्या तसे लिहून घ्यायला हवे.

त्याबरोबर दोन गोष्टी आपल्या हातच्या आहेत. पहिली, दाम. आता फायबरचे पान चढवून ढोल स्वस्तात मिळतो, पावसात भिजत नाही आणि आवाजही मोठा देतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. पण सप्ताहाच्या मांडवावर आणि ध्वनिक्षेपकावर जो खर्च होतो, त्याचा लहानसा वाटा मृदंगाच्या चांगल्या पुडीवर झाला तर एका घराची चूल पेटती राहील. दुसरी गोष्ट, जन्माशी बांधलेली गाठ सोडणे. हलगी शाळेत शिकवावी, सर्व जातींच्या मुलामुलींना शिकवावी, आणि ती शिकवायला तिच्या जाणकाराला गुरुजी म्हणून, मानधन देऊन बोलवावे. कला जातीतून सोडवायची खरी; पण ज्यांनी ती जगवली त्यांचे श्रेय पुसून टाकून नव्हे.

‘पुसणे’ या आपल्या शब्दाची गंमत आहे. पुसणे म्हणजे विचारणे. आणि पुसणे म्हणजे मिटवून टाकणे. क्षेमकुशल पुसतात आणि पाटीही पुसतात. कारागिराच्या बाबतीत आपण आजवर दुसऱ्या अर्थाने पुसत आलो. पहिल्या अर्थाने पुसायला अजून वेळ गेलेली नाही. पण तो फार उरलेलाही नाही. शाई कुठवर घोटायची हे ज्यांच्या कानाला कळते, ती माणसे आता थकत चालली आहेत.

याच हिंगोली जिल्ह्यात नर्सी आहे. संत नामदेवांचे गाव म्हणून महाराष्ट्र ते ओळखतो. आणि याच जिल्ह्यात औंढा नागनाथ आहे. तिथली कथा आपण सर्वांनी लहानपणी ऐकलेली आहे. नामदेव देवळापुढे कीर्तनाला उभे राहिले. जातीवरून त्यांना तिथून उठवले आणि मागच्या बाजूला जायला सांगितले. ते मागे गेले, तिथेच टाळ वाजवीत गाऊ लागले, आणि सारे देऊळ फिरून त्यांच्याकडे तोंड करून उभे राहिले. कथा खरी की खोटी हे ज्याचे त्याने ठरवावे. पण आपल्या पूर्वजांनी ती सांगताना एक गोष्ट नक्की जाणली होती : मागे बसवलेल्या माणसाकडे वळायचे असते ते देवाने, त्या माणसाने पुढे यायचे नसते.

दगडी देऊळ फिरले म्हणतात. आपल्याला तर मानच फिरवायची आहे. पुढच्या सप्ताहाची पत्रिका छापायला जाईल, तेव्हा मृदंगाचार्यांच्या नावाखाली एक ओळ वाढवता आली तर पाहावी. मृदंग मढवणारे, असे लिहून पुढे एक नाव. ते नाव माहीत नसेल, तर छापखान्यात जाण्याआधी कुणाला तरी त्याच्या दारात जाऊन पुसून यावे लागेल.